साखळीचं दुसरं टोक

आमच्या जर्मनीतल्या पहिल्या घरमालकांनी आम्हाला जागा दिली ती माझ्या नवऱ्याचं नोकरीचं पत्र बघून नव्हे, माझी उंची बघून. नवरा बिचारा दाखले, शिफारशी, पासपोर्टच्या प्रती असं सगळं बाड पुढे सरकवत होता आणि मालक त्याच्या डोक्यावरून माझ्याकडे बघत होते. मग ते उठून आत गेले, एक पिवळा रेनकोट घेऊन आले आणि मला म्हणाले, "घालून बघा." मी घातला. बाह्या बरोबर मनगटापर्यंत आल्या. "गेनाऊ," मालक म्हणाले. म्हणजे 'अगदी बरोबर'. हा शब्द ते दिवसातून पन्नास वेळा म्हणत. किल्ल्या त्यांनी टेबलावर ठेवल्या आणि नवऱ्याचं बाड न उघडताच परत केलं.

रेनकोट त्यांच्या बायकोचा होता. ती आदल्या हिवाळ्यात वारली होती, हे आम्हाला नंतर कळलं. आणि ती वीस वर्षं दर रविवारी एक काठी धरून मैदानाच्या कडेला उभी राहायची, हे त्याहून नंतर.

ही दोन हजार सालानंतरची पहिली चार-पाच वर्षं. नवरा वाल्डॉर्फच्या मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत होता. आम्ही राहायचो ते गाव तिथून बसने पंधरा मिनिटांवर, आणि मोटारींच्या शर्यतीचं रिंगण सायकलने वीस मिनिटांवर. खाली मालक, वर आम्ही. त्यांचं आडनाव उच्चारताना माझी जीभ तीनदा ठेचकाळायची, म्हणून घरात आम्ही त्यांना मालकच म्हणायचो. मी पुण्यात शाळेत भूगोल शिकवत होते. जर्मनीत मला कामाचा परवाना नव्हता, भाषा येत नव्हती आणि करायला काही नव्हतं. मालकांनी हे सगळं एका नजरेत मोजलं असावं, कारण मोजणं हाच त्यांचा धंदा होता. जमीन मोजणीच्या खात्यात त्यांनी चाळीस वर्षं काढली होती. आपल्याकडच्या भाषेत सरकारी मोजणीदार. निवृत्तीनंतरही सवय सुटली नव्हती. बर्फ पडला की दारापुढचा रस्ता झाडायचं काम माझ्या आठवड्यात आलं असेल तर ते आधी पट्टीने बर्फ मोजून मला आकडा सांगायचे. मला वाटायचं, मोजून काय करायचंय, झाडायचा तर आहेच.

त्यांना दोन वेडं होती, अमेरिकन फुटबॉल आणि मोटारींच्या शर्यती. पण फुटबॉल ते कधी खेळले नव्हते आणि गाडी चालवायचे ती मागून सायकलवाले घंटी वाजवतील अशा वेगाने. फुटबॉलमध्ये ते साखळी धरत आणि शर्यतीत झेंडा. "मधे पळणारे पुष्कळ असतात," ते म्हणायचे. "कडेला नीट उभं राहणारा शोधावा लागतो." हे वाक्य त्यांनी मला पहिल्या आठवड्यात ऐकवलं आणि दुसऱ्या आठवड्यात मैदानावर नेलं.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. यात चेंडू हातात घेऊन पुढे पळायचं असतं. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे गेलात तर आणखी चार प्रयत्न मिळतात, नाही गेलात तर चेंडू दुसऱ्यांना. आता दहा यार्ड झाले की नाही हे ठरवायचं कसं? तर मैदानाच्या कडेला दोन माणसं दोन काठ्या धरून उभी असतात आणि काठ्यांच्या मधे बरोबर दहा यार्डांची साखळी असते. मागची काठी जिथून सुरुवात झाली तिथे, पुढची जिथे पोचायचं तिथे. शंका आली की पंच हाक मारतो, साखळी मैदानात न्यायची, ताणायची, सगळे श्वास रोखून बघतात. मागची काठी मालकांची, पुढची माझी. तिसरा एक माणूस कितवा प्रयत्न चालू आहे त्याची पाटी धरायचा, पण तो दर रविवारी वेगळा असायचा आणि मालक त्याला माणसात धरत नसत.

नियम कडक होते. बसायचं नाही. बोलायचं नाही. आपल्या गावचा संघ जिंकला तरी आनंद दाखवायचा नाही आणि हरला तरी चेहरा पाडायचा नाही. पहिल्याच सामन्यात मी खिशातून चिवड्याची पुडी काढली. मालकांनी दहा यार्डांवरून पाहिलं. सामना संपल्यावर म्हणाले, "साखळीवाल्याला भूक लागत नाही." मग घरी येताना बसमध्ये माझा सगळा चिवडा त्यांनी एकट्याने संपवला आणि यात शेंगदाणे कमी पडतात असं वर सांगितलं.

माझं जर्मन मी त्यांच्या तळघरात शिकले. तिथे कपडे धुण्याच्या मशीनशेजारी त्यांचं पुस्तकांचं कपाट होतं. हायडेलबर्गच्या छावणीतले अमेरिकन सैनिक मायदेशी जाताना टाकून गेलेली वार्षिकं, मासिकं, कात्रणं. मशीन फिरत असेपर्यंत मालक मला इतिहास सांगत. पहिले धंदेवाईक संघ कसे छोट्या कारखान्यांच्या गावांतून निघाले, माणसं चामड्याची टोपडी घालून एकमेकांवर कशी आदळायची, आणि युरोपात पूर्वी शर्यतीच्या गाड्यांना देशाप्रमाणे रंग कसा असायचा, जर्मनांचा पांढरा, इटलीचा लाल. त्यांची सगळ्यात आवडती गोष्ट एका जुन्या अंतिम सामन्याची होती. बाहेर थंडीने कहर केलेला, म्हणून सामना बंदिस्त इमारतीत खेळवला. तिथून नुकतीच सर्कस गेली होती, जमिनीवर तिचीच माती होती, आणि मैदान शंभराऐवजी ऐंशीच यार्डांचं बसलं. "मैदान कापलं," मालक बोट वर करून सांगायचे, "पण साखळी? साखळी दहाचीच राहिली." एवढं सांगून ते माझ्याकडे असे बघत की जणू ती साखळी त्यांनीच वाचवली होती.

परिणाम असा झाला की मला भोपळ्याचा जर्मन शब्द यायच्या आधी गोलपोस्टचा यायला लागला. परदेशी लोकांच्या कचेरीत व्हिसा वाढवायला गेले तेव्हा बाईंनी विचारलं, तुम्ही दिवसभर काय करता? मी प्रामाणिकपणे सांगितलं, साखळी धरते. बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा छताकडे पाहत होता.

फ्रँकफुर्टला त्या काळी युरोपातल्या अमेरिकन लीगचा एक धंदेवाईक संघ होता. पुढे एका उन्हाळ्यात ती लीगच गुंडाळली गेली. मालक वर्षातून एकदा तिथे जात, एका वर्षी आम्हालाही नेलं. हजारो माणसं, ढोल, बिअर, नाचणाऱ्या मुली. परतीच्या गाडीत नवऱ्याने विचारलं, शेवटी गुण किती झाले? मालकांना माहीत नव्हतं. साखळी चार वेळा आत आली, हे माहीत होतं. चौथ्या वेळी पुढच्या काठीवाल्याने हात बदलला, हेही त्यांनी पाहिलं होतं आणि त्यांना ते आवडलं नव्हतं.

पण हाच माणूस एकदा असा चुकला होता की ऐकून मला हसावं की रडावं कळेना. गावचा क्लब सुरू झाला तेव्हा साखळी यांनीच बनवली. सरकारी मोजणीदार, त्यामुळे कुणी शंका घेतली नाही. यार्ड हे माप यांच्या लेखी माप नव्हतंच, राजाच्या नाकापासून अंगठ्यापर्यंतची कसली तरी भानगड. म्हणून यांनी साखळी केली दहा मीटरची. मैदानावरच्या रेषाही मीटरने आखल्या. आजूबाजूच्या क्लबांनी यांच्याकडूनच साखळ्या करून घेतल्या. दोन हंगाम सगळा तालुका प्रत्येक वेळी जवळजवळ तीन फूट जास्त पळत होता. मग छावणीतले सैनिक मैत्रीचा सामना खेळायला आले. त्यांचा एक हवालदार कडेने पावलं टाकत गेला, परत आला, पुन्हा गेला आणि जमिनीवर बसून हसायला लागला. मालक हसले नाहीत. त्यांनी घरी येऊन दोन हंगामांच्या वह्या काढल्या, कुणाकुणाला कुठे चुकीचं अडवलं ते शोधलं आणि प्रत्येक क्लबाला माफीचं पत्र लिहिलं. हे मला त्यांनीच सांगितलं, तोंडावरची रेष न हलवता. मी हसले तशी म्हणाले, "तुम्ही भूगोलाच्या बाई आहात, तुम्ही हसू नका."

रिंगणावर मला प्रवेश नव्हता. तिथे ते एकटे जात, पांढरे कपडे इस्त्री करून. तीस वर्षं त्यांची चौकी जंगलातल्या लांब सरळ रस्त्यावर होती. मग रिंगण नव्याने बांधलं, जंगलातला भाग उखडला आणि तिथे झाडं लावली. मालकांना नव्या वळणावर उभं केलं. तरी कधीमधी ते मला घेऊन जुन्या जागी फिरायला जायचे. गुडघ्याएवढी रोपटी आणि मधे डांबराचे तुकडे. एका ठिकाणी ते टोपी काढत. जुन्या काळी त्या रस्त्यावर शर्यतीत माणसं दगावली होती. "पिवळा झेंडा म्हणजे पुढे काहीतरी पडलंय, जपून," त्यांनी मला समजावलं. "चालकाला वळणापलीकडचं दिसत नाही. त्याच्या वतीने मी बघायचं. एवढंच काम आहे."

त्यांना दिसत नाही हे आधी माझ्या सासूबाईंच्या लक्षात आलं.

सासूबाई उन्हाळ्यात तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. पहिल्या रविवारी मला पिवळ्या रेनकोटात काठी धरून उभी पाहिली आणि म्हणाल्या, "अगं, भालदार-चोपदारासारखी काय उभी राहतेस?" हे मी मालकांना समजावून सांगितलं. दरबारात काठी घेऊन उभा राहणारा मानाचा माणूस म्हटल्यावर ते इतके खूश झाले की सासूबाईंना त्यांनी केक आणून दिला. दोघं खालच्या बाकावर बसून तासतासभर बोलायची, त्या मराठीतून, हे जर्मनमधून. दोन आठवडे असे गेले आणि एका दुपारी सासूबाई वर येऊन मला म्हणाल्या, "अगं, या माणसाला दिसत नाही."

"काहीतरीच काय आई. साखळी धरतात ते."

"माझ्याशी बोलताना माझ्या कानाकडे बघतात. कॉफी ओतताना कपात बोट धरतात. आज जिन्यातल्या तुझ्या कोटाला गुटन टाग म्हणाले. माझ्या मामांचं असंच झालं होतं."

मग माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसायला लागली. गाडी त्यांनी विकली होती, बस बरी म्हणून. मैदानावर ते मला सारखं विचारायचे, "फ्राऊ, आपण कुठल्या रेषेवर?" मला वाटायचं, परीक्षा घेतायत. मी मोठ्या तोऱ्यात उत्तरं द्यायचे, पस्तीस, चाळीस. वर्षभर मी स्वतःला हुशार विद्यार्थिनी समजत होते आणि होते मात्र त्यांचे डोळे.

मी सरळ तळघरात जाऊन विचारलं. त्यांनी नाकारलं नाही. "मधलं गेलंय," ते म्हणाले. "कडेचं दिसतं. डॉक्टर म्हणतात, यावर काही नाही." मग म्हणाले, "मी जन्मभर कडेलाच तर उभा आहे." हा त्यांचा विनोद होता. मला हसू आलं नाही. मला त्यांची इतकी माया वाटली की मी तेव्हाच जे बोलायला हवं होतं ते बोलले नाही. साखळीचं ठीक, तिथे मी होते. रिंगणावर त्यांच्या शेजारी कोण होतं?

ऑगस्टमध्ये रिंगणाचा कागद आला. शरद ऋतूतल्या शर्यतींसाठी दर वर्षी भरून द्यावा लागायचा. मालकांनी मला खाली बोलावलं. चष्मा कुठेतरी ठेवलाय, म्हणाले. मी वाचत गेले आणि ते सांगत गेले. नाव, जन्मतारीख, अनुभव, रक्तगट. मग प्रश्न आला, नजर निर्दोष आहे का, हो किंवा नाही. मी वाचला. तळघरात मशीन थांबलेलं होतं आणि मालक टेबलावरचा हात जराही न हलवता बसले होते.

"हो," ते म्हणाले.

मी मान वर करून पाहिलं. ते माझ्या कानाकडे बघत होते. "चौकीवर आम्ही दोघं असतो," ते म्हणाले. "दुसरा तरुण आहे. हे एक वर्ष. मग मी थांबेन."

माझ्या हातात पेन होतं. त्या घरात त्यांच्याशी बोलणारं दुसरं कुणी नव्हतं, बायकोच्या खुर्चीवर अजून तिची शाल होती, आणि वर्षातल्या त्या तीन शर्यती सोडल्या तर त्यांनी पांढरे कपडे कशासाठी इस्त्री करायचे? हे सगळं खरं होतं. मी 'हो'च्या चौकोनात फुली मारली. त्यांनी माझ्या बोटाच्या आधाराने सही केली आणि पाकीट माझ्याकडेच दिलं, सोमवारी टपालात टाका म्हणून. वर गेल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, तू हे काय करून बसलीस? तिथे गाड्या दोनशेच्या वर जातात." मी त्याच्यावरच चिडले. माणूस खरं बोलला की मला आधी राग येतो.

त्याच रविवारी सामना होता. आमच्या गावचा संघ जिंकला तर वरच्या गटात जाणार होता, बारा वर्षांत पहिल्यांदा. पाऊस पडून गेलेला, गवत ओलं. शेवटची काही मिनिटं उरली होती, आम्ही चार गुणांनी पुढे आणि चेंडू पाहुण्यांकडे. त्यांची सुरुवात वीसच्या रेषेवरून झाली. नियमच तसा होता, चेंडू बरोबर रेषेवर ठेवलेला. म्हणजे मालकांची काठी वीसवर आणि माझी तीसवर हवी. मालकांनी या वेळी मला काही विचारलं नाही. त्या दिवशी सकाळपासूनच ते माझ्याशी कमी बोलत होते, मीही कमी बोलत होते. त्यांनी काठी रोवली, साखळी ताणली गेली आणि मी खाली पाहिलं. तीसची रेषा माझ्या मागे होती. एक पाऊल मागे.

मी काही बोलले नाही. बोलायचं नाही हा नियमच होता, असं मी स्वतःला सांगितलं. साखळीकडे दुसऱ्या कुणाचं लक्ष नव्हतं. मालक आहेत म्हटल्यावर कोण बघणार? आणि बहुतेक वेळा साखळी आत जातही नाही.

चौथ्या प्रयत्नात त्यांचा दांडगा खेळाडू तीसच्या आसपास सगळ्यांच्या खाली गाडला गेला. पंचाने हाक मारली. मालक ताठ चालत आत गेले, मीही गेले, साखळी ताणली. चेंडू माझ्या काठीच्या वीतभर अलीकडे होता. चेंडू आमचा, सामना आमचा. आमची पोरं एकमेकांच्या अंगावर उड्या मारायला लागली, कडेला बायका ओरडायला लागल्या. मालकांचा चेहरा नेहमीसारखा कोरा होता. त्यांना ठाऊकच नव्हतं. पूर्वी बायकोवर विसंबायचे तसेच ते माझ्यावर विसंबून तिथे उभे होते, आणि माझ्या डोळ्यांपुढे ते ओलं मैदान नव्हतं, त्यांचं ते नवं वळण होतं.

"चूक आहे," मी म्हणाले. गलक्यात कुणाला ऐकू गेलं नाही म्हणून पुन्हा म्हणाले. पंच माझ्याकडे वळला. "सुरुवात वीसवरून झाली होती. माझी काठी तीसच्या पुढे आहे. एक यार्ड."

पंचाने रेष पाहिली. पाहुण्यांच्या प्रशिक्षकाने पाहिली. मग सगळ्यांनी मालकांकडे पाहिलं. मालकांनी खाली वाकून हाताने गवत चाचपलं आणि तसेच वाकलेले राहिले. पंचाने निर्णय फिरवला. पाहुण्यांना आणखी चार प्रयत्न मिळाले, त्यांनी गुण केले, आम्ही हरलो. बसमध्ये आमच्या शेजारी कुणी बसलं नाही. मालक खिडकीकडे तोंड करून होते. घराच्या दारात मी म्हणाले, "मला माफ करा." ते आत गेले.

सोमवारी सकाळी आमच्या दारावर टकटक झाली. भाडेकरूंच्या मजल्यावर ते कधी पाऊल ठेवत नसत. दारात उभे, अंगात स्वच्छ शर्ट. "ते पाकीट टाकलंत?"

पाकीट माझ्या पिशवीतच होतं. मी ते आणून दिलं. त्यांनी ते न उघडता चार तुकडे केले, स्वयंपाकघरात येऊन बसले आणि म्हणाले, "खाडाखोड चालत नाही त्यांना. नवीन पत्र लिहा." त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. तीन ओळींचं पत्र. माझी नजर गेली आहे. मी यापुढे चौकीवर उभा राहू शकत नाही. इतकी वर्षं उभं राहू दिलंत, आभारी आहे. मी त्यांचं बोट सहीच्या जागेवर नेलं. सासूबाईंनी न विचारता त्यांच्यापुढे चहा ठेवला.

चहा त्यांनी अर्धा प्यायला. मग म्हणाले, "किती चुकलो होतो मी?"

"एक यार्ड."

"पूर्ण?"

"पूर्ण. एक पाऊल."

"हं," ते मान हलवत म्हणाले. "बरं झालं. बोटभर चुकलो असतो तर तुम्ही गप्प बसला असतात, आणि मी रिंगणावर गेलो असतो."

मी पत्राची घडी घालत होते. नाही म्हणावं असं फार वाटलं, पण त्यांच्यापुढे खोटं बोलायची माझी हिंमत संपली होती.

"हो," मी म्हणाले. "बसले असते."

त्यांनी हात पुढे केला आणि टेबलावर चाचपत माझा हात शोधला.